हिवाळ्यात घोडा टिकेना, उन्हाळ्यात पडेना: ठासणीच्या रायफलीतल्या सेट ट्रिगरचा परतून येणारा बिघाड

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की वेगळं, ते लगेच ताडता येईल.

डिसेंबर-जानेवारीत घोडा पूर्ण मागे ओढला की ‘खट्’ होतं, पण अंगठा ढिला केला की घोडाही अंगठ्याबरोबर पुढे येतो. दहातून चार वेळा टिकतो, सहा वेळा नाही. रायफलीला दोन चाप आहेत. मागचा आधी ओढून ट्रिगर सेट केला, म्हणजे पुढचा हलका करून ठेवला, तर मात्र दहाच्या दहा वेळा टिकतो.

जून-जुलैत बरोबर उलटं. घोडा खांबासारखा उभा. मागचा चाप ओढला की ‘टिक्’, पुढच्याला बोट लागलं की आत खटका उडाल्याचा आवाज, आणि घोडा जागचा हलत नाही.

एकाच रायफलीत हे दोन्ही तीन वर्षं आलटून पालटून चालू होतं. दरवेळी मी काहीतरी दुरुस्त करायचो, बिघाड जायचा, मी स्वतःची पाठ थोपटायचो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या दारानं तो परत यायचा.

रायफल आहे .५० कॅलिबरची, स्फोटक टोपीवर उडणारी, अर्ध्या दस्त्याची. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांनी एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी ज्या धाटणीच्या रायफली घडवल्या, तिची ही आजची नक्कल. बनावट इटलीची. ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया भागात अशा नकला मोठ्या प्रमाणावर बनतात आणि किमतीच्या मानानं चांगल्या असतात. नळी उत्तम, कुलूप (घोडा चालवणारी यंत्रणा) ठीकठाक, लाकडातलं कोरीवकाम मात्र घाईचं. सगळ्या दुखण्याचं मूळ त्या घाईतच निघालं.

मी राहतो अमेरिकेत, इंडियानातल्या कोलंबस गावी. कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे इथे पुण्याची बरीच मंडळी आहेत, आणि आमच्यापैकी बहुतेकांचा छंद क्रिकेट किंवा ढोलपथक. मला हा नाद लागला तो फ्रेंडशिप नावाच्या खेड्यामुळे. ते इथून तासाभराच्या अंतरावर आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान तिथे आहे, आणि जून व सप्टेंबरमध्ये मोठ्या स्पर्धा भरतात. एकदा नुसतं बघायला गेलो. काळ्या दारूचा तो गंधकाचा वास नाकात बसला तो बसलाच.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द दोन्हीला वापरतात, बोटानं ओढायच्या भागालाही आणि टोपीवर आपटणाऱ्या भागालाही. इथे घोडा म्हणजे आपटणारा, आणि चाप म्हणजे बोटानं ओढायचा. कुलपाच्या आतले टंबलर, सिअर, फ्लाय हे शब्द तसेच ठेवतो. त्यांना मराठी नावं पाडली तर सुटे भाग मागवताना तुमचीच पंचाईत होईल.

हात लावण्याआधी

ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही हे मागून बघता येत नाही. म्हणून रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवा. काम सुरू करण्याआधी दरवेळी गज टाकायचा. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे, काम तिथेच बंद. टोप्यांची डबी दुसऱ्या खोलीत. घोडा निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या टोकावर, कोरडा आपटू नका, मध्ये नळाचा रबरी वायसर किंवा चामड्याचा तुकडा धरा, नाहीतर चाप सुधारेल आणि निपल जाईल.

कायद्याचंही एकदा सांगतो. इथे १९६८ च्या केंद्रीय कायद्यात अशा नकला पुरातन शस्त्रांत मोडतात, तरी राज्यांचे नियम वेगळे असतात, ते बघून घ्या. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र पुढचं केवळ समजून घेण्यासाठी वाचावं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात विनापरवाना दुरुस्तीही येते. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, त्यांनी ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी, आणि त्याला काय तपासायचं ते सांगायला हे वाचून गेलात तर चांगलंच.

कुलपात नेमकं काय घडतं

घोड्याच्या आसावर कुलपाच्या आतल्या बाजूला टंबलर असतो. घोडा फिरला की तोही फिरतो. त्याच्या कडेला दोन खाचा. एक खोल आणि आकड्यासारखी आत वळलेली, ती हाफ-कॉकची (घोडा अर्धा चढलेला). दुसरी उथळ, ती फुल-कॉकची (घोडा पूर्ण चढलेला). सिअर म्हणजे मधे खिळा असलेली छोटी तरफ. पुढचं नाक स्प्रिंगच्या जोरावर टंबलरला चिकटून असतं आणि खाच आली की तिच्यात बसतं. मागून एक दांडी काटकोनात वळून लाकडात, नळीच्या शेपटीखाली जाते. चाप एवढंच करतो की ती दांडी खालून वर ढकलतो. दांडी वर, नाक खाली, खाच सुटली, घोडा पडला.

आता एक बारकावा, जो मला तीन वर्षं सुचला नाही. नाक खाचेत जितकं खोल जातं, तितकी दांडी खाली येते. सगळ्यात खोल खाच हाफ-कॉकची, म्हणजे दांडी सगळ्यात खाली येते ती हाफ-कॉकला. चापाची पाती, म्हणजे दांडीला ढकलणारे त्याचे वरचे भाग, जर आधीच उंच बसली असतील, तर दांडीला खाली यायला जागाच उरत नाही. नाक खाचेच्या काठावर लटकतं. फुल-कॉकची खाच आधीच उथळ, तिथे असं लटकणं म्हणजे घोडा निसटणं. हाफ-कॉकला तो टिकल्यासारखा दिसतो, पण सगळा भार नाकाच्या टोकावर येतो आणि ते टोक उडू शकतं. निसटणारा घोडा निदान डोळ्यांना दिसतो. हाफ-कॉकचं अर्धवट बसणं दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

जोडचापात दोन पाती असतात. मागचा चाप ओढला की त्याचं पातं स्प्रिंगविरुद्ध खाली दबून अडकतं. पुढच्याला स्पर्श होताच ते सुटतं आणि हातोडीसारखं दांडीवर खालून आदळतं. म्हणजे सेट केल्यावर मागचं पातं खाली असतं, सेट न करता ते तुलनेनं वर. हिवाळ्यात ‘सेट केल्यावर टिकतो, न करता टिकत नाही’ हे लक्षण इथेच उलगडतं. सेट केल्यावर खाच सुधारत नाही, फक्त पातं दांडीच्या वाटेतून बाजूला होतं. ज्याला हे दिसलं त्यानं टंबलरला हात लावायचं कारणच नाही.

(काही जोडचाप असे असतात की सेट केल्याशिवाय घोडा चढतच नाही. ती त्यांची घडणच आहे, बिघाड नव्हे. विकत घेतानाच विचारून ठेवा.)

मी काय काय चुकीचं केलं

पहिल्या हिवाळ्यात घोडा निसटू लागल्यावर मी तडक निष्कर्ष काढला की फुल-कॉकची खाच झिजली आहे. टूलरूममध्ये दहा वर्षं काढलेला माणूस. हातात बारीक दगड आला की तो चालवल्याशिवाय राहवत नाही. अर्कान्सास दगडानं खाचेचा कोन ‘सुधारला’. दोन दिवस मस्त चाललं. तिसऱ्या दिवशी घोडा मुळीच टिकेना, आणि भिंगाखाली बघितलं तर खाचेच्या काठावर चकचकीत मऊ लोखंड दिसत होतं.

कारण साधं आहे. अशा टंबलरना बहुधा केस हार्डनिंग केलेलं असतं. वरची कडक साल अंड्याच्या टरफलासारखी, आत मऊ. दगड दोन हात जास्त चालला की साल जाते, आणि उरलेल्या मऊ धातूवर सिअरचं कडक नाक पन्नास बारांत चर पाडतं. एका संध्याकाळच्या हौसेपायी नवा टंबलर मागवावा लागला.

नवा टंबलर बसवला आणि बिघाड गेला! मला वाटलं, निदान बरोबर होतं. प्रत्यक्षात घडलं असं की रायफल परत जुळवताना टँगचा स्क्रू मी हलक्या हातानं आवळला होता, आटे जातील या भीतीनं. हा स्क्रू टँगमधून, म्हणजे नळीच्या शेपटीतून, लाकडात शिरतो आणि खाली थेट ट्रिगर प्लेटमध्ये, म्हणजे चाप बसवलेल्या पट्टीत, आवळला जातो. तो ढिला म्हणजे प्लेट खाली, पाती खाली, दांडी मोकळी. टंबलर बिचारा आधीही निर्दोष होता.

जुलै आला आणि खटका उडून घोडा पडेना. मी चापाच्या पट्टी-स्प्रिंगचा स्क्रू आवळला. थोडा फरक पडला. मग ‘हात घातलाच आहे तर’ म्हणून सगळे स्क्रू कचकचून आवळले, टँगचा धरून. झकास! स्प्रिंगला श्रेय दिलं. डिसेंबरात घोडा पुन्हा निसटायला लागला.

सगळ्या आजारांवर एकच औषध असलेला वैद्य होतो मी, फक्त आपण कोणतं औषध देतोय हेच वैद्याला ठाऊक नव्हतं.

मामांचा फोन

कणकवलीकडे माझे मामा राहतात. डुकरं आणि माकडं भाताची नि नारळाची नासाडी करतात म्हणून त्यांच्या घरी वडिलांच्या वेळेपासून परवान्याची ठासणीची बंदूक आहे. जुलैत गप्पा मारताना मी हे रडगाणं गायलो. मामा हसले. “अरे, पावसात लाकूड फुगता. बंदुकीचा काय घेवन बसलंस, आमच्या दाराक इचार.”

दाराचं उदाहरण मला लहानपणापासून ठाऊक होतं. पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय न उघडणारं ते न्हाणीघराचं दार मीच किती वेळा ढकललंय. पण पोलादी कुलपाकडे बघताना लाकूड डोळ्यांपुढून नाहीसंच झालं होतं.

मग हिशेब मांडला. अक्रोडाचं लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेनं, त्यातला ओलावा १ टक्क्यानं बदलला की साधारण पाव टक्का फुगतं किंवा आकसतं. इथे हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा कोरडीठाक. लाकडातला ओलावा ६ टक्क्यांपर्यंत उतरतो, उन्हाळ्यात १० पर्यंत चढतो. टँग आणि ट्रिगर प्लेट यांच्यामध्ये माझ्या रायफलीत सुमारे २३ मिमी लाकूड आहे. चार टक्क्यांचा फरक, म्हणजे उंचीत जवळजवळ १ टक्का, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास.

पाव मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण सिअरची दांडी आणि पाती यांच्यातली मोकळीकच तेवढी असते. त्यात भर माझ्या हाताची. हिवाळ्यात लाकूड आकसलं की टँगचा स्क्रू ढिला लागतो, मी तो पुन्हा आवळतो आणि प्लेट आणखी आत जाते. लाकूड जेवढं बिघडवत होतं, तेवढंच मी वरून बिघडवत होतो.

तुमच्याकडे हेच आहे का, दहा मिनिटांत तपासा

रिकामी रायफल, गजाची खूण बघितलेली. घोडा हाफ-कॉकला ठेवा आणि पुढचा चाप बोटानं हलकेच हलवून बघा. त्याला थोडी रिकामी हालचाल असली पाहिजे, किंचित लुटलुट. अजिबात नसेल आणि चाप ताठ असेल, तर पाती दांडीला टेकलेली आहेत.

आता टँगचा स्क्रू पाव फेरा ढिला करा आणि पुन्हा बघा. लुटलुट आली आणि घोडा टिकू लागला, तर संशय पक्का. उलट लक्षण असेल, म्हणजे खटका उडतो पण घोडा पडत नाही, तर पाव फेरा आवळून बघा.

खात्री हवी तर काजळी. कुलूप काढा, पात्यांच्या माथ्यावर दिव्याची काजळी धरा, कुलूप परत बसवा, घोडा चढवून हाफ-कॉकला आणा, आणि चापाला हात न लावता कुलूप काढा. दांडीला खालून काळं लागलं असेल तर चाप न ओढताच पाती तिला शिवतायत. मार्कर पेनही चालतं, पण काजळी अगदी हलका स्पर्शही पकडते. दांडीच्या टोकावर किंवा बाजूला काळं लागलं, तर लाकडातली तिची खोबण अरुंद आहे. तिथलं लाकूड पातळ छिन्नीनं खरवडायचं, धातू नाही.

एक जुळा भाऊ इथेच सांगून ठेवतो. कुलूप हातात घेऊन चालवलं तर मख्खन, रायफलीत बसवलं की जड किंवा अडकणारं, असं असेल तर आधी कुलपाचा आडवा स्क्रू अर्धा फेरा ढिला करून बघा. तो फार आवळला की कुलूप आत खेचलं जातं आणि सिअरची दांडी किंवा टंबलरचा ब्रिडल (त्याला आतून धरणारी पट्टी) लाकडाच्या भिंतीला घासतो. लोक इथेही खाच घासायला बसतात.

कायमचा इलाज: बुश

तत्त्व सोपं. टँग आणि ट्रिगर प्लेट यांच्यातलं अंतर लाकडानं ठरवू द्यायचं नाही, धातूनं ठरवायचं. स्क्रूभोवती पोलादी किंवा पितळी बुश, म्हणजे छोटं पोकळ नळकांडं, बसवला की स्क्रू कितीही आवळा, प्लेट बुशला टेकते आणि थांबते. लाकूड मग आपलं फुगो की आकसो.

खरी मेहनत बुशची लांबी ठरवण्यात आहे. मी असं केलं. स्क्रू सैल ठेवून सुरुवात केली आणि अष्टमांश फेऱ्यानं आवळत गेलो. दर टप्प्याला दोन गोष्टी तपासल्या: सेट केल्यावर खटका घोडा पाडतो का, आणि सेट न करता घोडा टिकतो का. एका टप्प्यापासून घोडा खात्रीनं पडू लागला. ती खालची हद्द. आणखी आवळत गेल्यावर एका टप्प्याला हाफ-कॉकवरची लुटलुट संपली. ती वरची हद्द. घोडा निसटेपर्यंत वाट बघायची नाही. लुटलुट संपली तिथेच हद्द संपली असं मानायचं. माझ्या स्क्रूचा पिच १ मिमी आहे आणि दोन हद्दींमध्ये जेमतेम अर्धा फेरा होता, म्हणजे अर्धा मिलिमीटर. ऋतूचा पाव आणि माझ्या आवळण्याचा पाव, झाला की अर्धा!

अंतर मोजायला या दोन हद्दींच्या मधोमध यायचं, टँगच्या माथ्यापासून प्लेटच्या तळापर्यंत बाहेरून व्हर्नियर लावायचा, आणि त्यातून टँग व प्लेट यांची जाडी वजा करायची. उरलं ते बुशचं माप. माझं २३ मिमीला थोडं कमी भरलं. तुमचं तुम्ही मोजा, माझा आकडा उचलू नका. बुश दोन दशांश मिमी लांब करून घ्या आणि मग दगडावर घासत मापाला आणा. लांब बुश छोटा करता येतो, आखूड झालेला लांब होत नाही. दोन्ही टोकं आसाला काटकोनात हवीत, म्हणून लेथवरच करा किंवा करून घ्या.

लाकडातलं भोक बुशच्या बाहेरच्या मापाला वाढवताना ड्रिल हातात धरून चालवू नका, ते भटकतं. आजूबाजूला लाकूड किती उरतंय ते आधी बघा. कुलपाची पोकळी तिथून फार दूर नसते. बुश पातळ इपॉक्सीनं बसवला, स्क्रूला आणि प्लेटला मेण चोळून, नाहीतर सगळं एकजीव होऊन बसतं आणि मग कानस नव्हे, करवत लागते. त्याच दिवशी प्लेटखालच्या आणि कुलपाच्या पोकळीतल्या उघड्या लाकडालाही पातळ सील मारलं. कारखान्यानं बाहेरून सुंदर पॉलिश केलं होतं आणि आतलं लाकूड कोरं सोडलं होतं. ओलावा तिथूनच आत-बाहेर करत होता.

बुश बसल्यावरही मोकळीक किंचित कमी वाटली तर पात्याचा माथा बारीक कानशीनं एखाद-दुसरा दशांश घासता येतो. त्याची झीज निरुपद्रवी असते, कारण तो फक्त ढकलतो, काही धरून ठेवत नाही. एका वेळी चार घास, परत जुळवा, परत तपासा. जास्त घासलंत तर जुलैचं दुखणं बारमाही होईल.

मग चाप हलका कसा करायचा?

बहुतेकांना मुळात हेच हवं असतं, मलाही हवं होतं. सेट न करता माझा पुढचा चाप साडेचार किलोला सुटत होता. सामान तोलायच्या काट्यानं मोजला, तेवढी अचूकता पुरते. बुशनंतर काही न करता तो साडेतीनवर आला, कारण आधी पाती लाकडाला घासत होती.

पुढचा टप्पा सिअरची स्प्रिंग. ती बहुधा गरजेपेक्षा ताठ असते. कमी करायचीच तर रुंदी कमी करा, जाडी नको. पट्टी-स्प्रिंगचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के घटवली तर जोर दहा टक्के घटतो. जाडी दहा टक्के घटवली तर सत्तावीस टक्के जातो आणि हातातलं गणित निसटतं. घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेनं ठेवा आणि शेवटी गुळगुळीत करा. आडव्या रेघेवर स्प्रिंग तडकते. मी इथे थांबलो, पावणेतीन किलोवर. सेट करून तर बोट लावायचाच अवकाश असतो, मग न सेट केलेला चाप आणखी हलका करून मिळवायचं काय?

दोन चापांच्या मधला बारीक स्क्रू सेट केल्यानंतरचा हलकेपणा ठरवतो. तो आत घातला की चाप हलका. फार आत गेला की सेटच होत नाही, आणि त्याच्या जरा अलीकडे तो इतका नाजूक होतो की दस्ता खांद्याला लावतानाच सुटावा. हा स्क्रू हातमोजे घालून जुळवा. इथे ठासणीच्या रायफलीनं हरणाची शिकार डिसेंबरात असते, आणि तेव्हा बोटाला काही कळत नसतं.

एकेरी साध्या चापाच्या बंदुकीत, म्हणजे एनफिल्ड-स्प्रिंगफिल्डच्या नकलांत, सगळी मजा चापाच्या पिनेच्या जागेत असते. पिनेपासून सिअरच्या दांडीपर्यंतचं अंतर ८ मिमी आणि पिनेपासून बोटापर्यंतचं २४ असेल, तर दांडीवरचा ४ किलोचा भार बोटाला १.३ किलो वाटतो. पिन वर आणि दांडीजवळ नेली की चाप हलका होतो, पण ओढ लांबते. कुलपाला स्पर्श न करता होणारी सुधारणा ही एवढीच, आणि ती उत्तम आहे.

घोडा पडता पडता हाफ-कॉकला अडकतो?

हे वेगळं दुखणं. सेट ट्रिगर दांडीला एक टोला देऊन मोकळा होतो, तिला धरून ठेवत नाही. त्यामुळे टंबलर फिरत असतानाच सिअरचं नाक परत वर येतं आणि वाटेतल्या हाफ-कॉकच्या खाचेत घुसू पाहतं. तसं होऊ नये म्हणून टंबलरमध्ये एक इवलीशी फिरती चकती असते, तिला फ्लाय म्हणतात. ती ऐन वेळी खाचेचं तोंड झाकते. खरोखर माशीएवढीच असते, आणि कुलूप उघडताना माशीसारखीच उडून जाते, म्हणून खाली पांढरं कापड पसरा. दहातल्या नऊ वेळा ती सुकलेल्या तेलात चिकटलेली सापडते. पेट्रोमॅक्सची पिन साफ करावी तशी साफ करा, पातळ तेलाचा एक थेंब द्या, झालं. टंबलर मीच नवा मागवला तेव्हा त्यात फ्लाय आहे ना हे विचारायचं राहिलं होतं. नशिबानं होती.

दर घोडापाताला नाक खाचेवर आपटत राहिलं तर नाकही जातं आणि खाचही. तेव्हा ‘कधी कधीच अडकतो’ म्हणून रेटू नका.

बाहेर नेण्याआधी

रिकाम्या रायफलीवर, निपलवर चामडं ठेवून, घोडा पूर्ण चढवा आणि अंगठ्यानं मागून पुढे जोरानं रेटा. पडता कामा नये. दस्ता रबरी चटईवर चार-पाच वेळा आपटा. पडता कामा नये. हे सेट न करता करायचं. हाफ-कॉकला ठेवून चाप नेहमीपेक्षा दुप्पट जोरानं ओढा. सुटता कामा नये. मग फुल-कॉकवरून चाप अगदी सावकाश ओढत घोड्याच्या टोकाकडे बघा. सुटण्याआधी तो जागेवर राहिला किंवा केसभर मागे सरकला तर खाचेचा कोन बरोबर आहे. केसभर पुढे सरकत असेल तर कोन उलटा आहे, आणि ते कुलूप कसलेल्या बंदूक-कारागिराकडेच जायला हवं. हे सगळं वीस-वीस वेळा. एकदा जरी चुकलं तरी टोपी लावायची नाही.

बुश बसवून दोन हिवाळे आणि एक उन्हाळा गेला. या जानेवारीत टँगचा स्क्रू तपासला, तो तसूभरही ढिला नव्हता. घोडा टिकतो, पडतो. जुना घासलेला टंबलर कामाच्या टेबलावर खिळ्याला टांगून ठेवलाय, दगडाचा डबा जिथे असतो त्याच्या बरोब्बर वर.